उजनी वजा झाली की देऊळ आठवतं

मा. संचालक,
पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र राज्य



उजनी धरणाचा आकडा वजा झाला की आमच्या इंदापूर तालुक्यात दोन कामांची लगबग उडते. उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करायची आणि पळसनाथाचं जुनं देऊळ बघायला जायची. पुणे-सोलापूर रस्त्यावर पळसदेवला गाड्या वळतात, मच्छीमारांच्या होड्या भरतात. भिगवणला रोहित पक्षी बघायला आलेली मंडळीही इकडं डोकावतात. 2024 च्या उन्हाळ्यात धरण वजा 50 टक्क्यांच्याही खाली गेलं, तेव्हा तर जत्राच भरली. पाऊस लागला की विषय संपला.

1980 च्या सुमारास उजनी पूर्ण झाली. भीमाकाठचं जुनं पळसदेव पाण्यात गेलं, माणसं नव्या गावठाणात आली आणि देवही नव्या देवळात बसला. खाली राहिली ती कारागिरांची करणी: काळ्या पाषाणाचं अंग, त्यावर विटांचं उंच शिखर, आवारात वीरगळ. इतकी वर्षं लाटा खाऊन उभं आहे म्हणून सगळे कौतुक करतात. मला त्या कौतुकाचीच धास्ती वाटते. ‘याला काय होतंय’ म्हणत पोरं शिखरावर चढतात आणि खालून कुणीतरी फोटो काढत असतं.

दगड निभावून नेईल. विटांचं तसं नाही. कायम पाण्यात राहिल्या असत्या तर एक वेळ टिकल्याही असत्या. पण इथं भिजायचं, उन्हात तडकायचं, परत भिजायचं. पाणी उतरताना सांध्यातला चुना घेऊन जातं. मग वीट नुसती विटेवर बसलेली असते, तिला पोराचा पाय पुरतो.

उजनीत 117 टीएमसी पाणी मावतं. त्यातला 63 टीएमसीच्या आसपास मृतसाठा. त्याच्याही खाली पातळी गेली की ‘वजा’. हा आकडा जलसंपदा खातं रोज सांगतं, म्हणजे देऊळ कधी मोकळं होणार याचा अंदाज आधीच येतो. दुष्काळाचं वर्ष आम्हाला वाईट, पण आपल्या खात्याला तोच कामाचा हंगाम. तेवढ्यात मापं घ्या, नकाशे करा, वीरगळांची नोंद करा. दरजा भराल त्या चुन्यानंच, सिमेंट लावू नका. शिखरावर कुणी चढू नये म्हणून राखणीला माणूस ठेवा. होडीवाले गावचेच आहेत, त्यांना मजुरी देऊन हे काम सांगा.

सुशोभीकरण मात्र नको. स्वागत कमान, पेव्हर ब्लॉक आणि रंगीत दिवे यांच्यापेक्षा पाणी बरं.

अंदाजपत्रक धरण भरलेलं असतानाच मंजूर करून ठेवा. पाणी हटल्यावर फाईल हलली तर मृग गाठेल. आणि येणाऱ्या साहेबांना बूट गाडीतच ठेवायला सांगा, गाळ गुडघ्याएवढा असतो.

कळावे,
इंदापूर तालुक्यातला एक धरणग्रस्त