कोरा रकाना म्हणजे ‘नाही’ नव्हे

प्रवेश अर्जातला ‘मातृभाषा’ हा रकाना कोरा राहिला, तर त्याचा अर्थ मुलाला मातृभाषाच नाही असा होत नाही. पण मग अर्ज हाताळणारा तो आपल्या समजुतीने भरतो, आणि आपल्या बेळगाव-निपाणी भागात ही समजूत टेबलागणिक बदलते. संगणकाच्या जगातही अशीच गफलत होते. आपल्या मोठ्या विद्यार्थ्यांनी ती समजून घ्यावी.

लायनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली ‘गिट’ ही प्रणाली तयार केली. अनेकजण मिळून एक काम करतात, तेव्हा कोणी काय बदलले याची ती नोंद ठेवते. कोणती फाईल कशी हाताळावी, याच्या सूचनाही तिला लिहून देता येतात.

टाईपरायटरवर ओळ संपली की गाडा सुरुवातीला येई व कागद वर सरके. विंडोजमध्ये या दोन क्रियांची दोन चिन्हे ओळीच्या शेवटी असतात, लिनक्समध्ये एकच. त्यांची अदलाबदल करावी का, हे ‘टेक्स्ट’ या सूचनेने ठरते. नुसते ‘टेक्स्ट’ लिहिले तर होय. त्याआधी उणे चिन्ह दिले तर नाही. ‘ऑटो’ म्हटले तर गिटने स्वतः ओळखावे. आणि काहीच लिहिले नाही तर? तेव्हा ज्याच्या-त्याच्या संगणकावरील सेटिंग निर्णय करते. मग एक शब्दही न बदलता सगळी फाईल बदललेली दिसू शकते.

मराठी मजकूर ‘यूटीएफ-१६’ पद्धतीने साठवला, तर सूचना दिल्याशिवाय गिट त्याला मजकूर मानतच नाही. तशी सूचना देण्याची सोय २०१८ मध्ये झाली.

गिटच्या माहितीपुस्तिकेत हे सारे आहे. पण ‘अनसेट’ म्हणजे नकार आणि ‘अनस्पेसिफाईड’ म्हणजे मौन, हा भेद नवशिक्याच्या ध्यानात येत नाही. माझे मत असे, की प्रत्येक सूचनेखाली ‘काहीच न लिहिल्यास काय होईल’ हे उदाहरणासह आधी सांगावे. गिटच्या पुस्तिकेत कोणीही सुधारणा सुचवू शकतो. संगणक क्षेत्रात गेलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी हे काम जरूर करावे.

आणि पालकहो, आपण आपला रकाना स्वतःच्या हाताने भरावा. आपण गप्प राहिलो, तर उत्तर दुसरा कोणीतरी लिहितो.