पिवळी बस आणि आपली प्रतिष्ठा

दोन वर्षांपूर्वी जयंतीच्या कार्यक्रमानंतर भोजनाच्या रांगेत एका ज्येष्ठ स्नेह्यांनी आम्हांला विचारले, “चिरंजीव सध्या काय करतात?” आम्ही उभयतांनी क्षणभर एकमेकांकडे पाहिले आणि उत्तर दिले, “ट्रान्सपोर्टेशनमध्ये आहे.” उत्तर खोटे नव्हते, पण खरे सांगणे टाळण्यासाठीच ते शोधलेले होते. आमचा मुलगा न्यू जर्सीत शाळेची बस चालवतो, आणि तो ऑटिस्टिक आहे. यांपैकी कोणती गोष्ट लपवण्यासाठी आम्ही तो भारदस्त शब्द वापरला? प्रामाणिकपणे सांगायचे तर दोन्ही. त्या लपवण्याविषयीच आज लिहावयाचे आहे.

प्रथम कामाविषयी. चालकासह सोळा किंवा अधिक माणसांसाठी बांधलेली शाळेची बस चालवण्यास व्यावसायिक परवाना लागतो आणि त्यावर प्रवासी वाहतूक व शाळेची बस अशा दोन स्वतंत्र नोंदी लागतात. फेब्रुवारी २०२२ पासून नव्या उमेदवाराला नोंदणीकृत केंद्रात ठरावीक प्रशिक्षणही घ्यावे लागते. प्रात्यक्षिक परीक्षेचे तीन भाग असतात : वाहनाची तपासणी, मोकळ्या जागेत बस वळवणे-मागे घेणे, आणि प्रत्यक्ष रस्ता. तपासणीत बसचा एकेक भाग दाखवून तो सुस्थितीत आहे हे कसे ओळखायचे ते तोंडी सांगावे लागते. आमच्या मुलाला हाच भाग सर्वांत प्रिय. आजही तो पहाटे ही तपासणी त्याच क्रमाने करतो; कालची बस ठीक होती म्हणून आजचा एकही टायर तो सोडत नाही.

या व्यवसायात नियम आणि क्रम हेच सुरक्षिततेचे दुसरे नाव आहे. थांब्याआधी पिवळसर दिवे, मग लाल दिवे आणि बाजूचा थांबा-फलक. रेल्वे फाटकापाशी रुळांपासून पन्नास फुटांच्या आत, परंतु पंधरा फुटांपेक्षा जवळ नाही, अशी बस उभी करायची. पाहायचे, ऐकायचे, मगच पुढे जायचे. फेरी संपल्यावर शेवटच्या बाकापर्यंत चालत जाऊन एखादे मूल झोपून राहिले नाही ना, हे पाहायचे. इतरांना कंटाळवाणी वाटणारी ही पुनरावृत्ती आमच्या मुलाला आधार देते. लहानपणी ज्या स्वभावाला आम्ही ‘हट्ट’ म्हणत होतो, त्याच्याच भरवशावर आज इतर आईबाप आपली लेकरे सोपवतात.

अडचणी नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. चाळीस मुलांचा एकत्रित गोंगाट त्याला शारीरिक वेदनेसारखा जाणवतो. आयत्या वेळी मार्ग बदलला की तो गडबडतो. एका पालकांनी तक्रार केली, की चालक ‘गुड मॉर्निंग’ म्हणताना आमच्याकडे पाहत नाही. त्या वेळी तो आरशांत पाहत होता, कारण बसभोवतीच्या दहा फुटांच्या पट्ट्यातच मुलांना सर्वाधिक धोका असतो. पुढे वरिष्ठांशी बोलून उपाय निघाले. मार्गातील बदल रेडिओवर सांगण्याबरोबरच लिहूनही मिळतो, मुलांच्या जागा ठरलेल्या आहेत, आणि शक्यतो तीच बस त्याच्याकडे असते. यांतल्या कोणत्याही उपायाला फारसा खर्च आला नाही. सकाळ-दुपारच्या फेऱ्यांमधले रिकामे तास तो शांततेत घालवतो, आणि ते त्याला आवश्यकही आहेत.

त्यापूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी त्याने मुलाखतीतच ऑटिझमचा उल्लेख केला आणि संभाषण तिथेच आटोपले. म्हणून कायदा प्रत्येक कुटुंबाला माहीत असावा. १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यानुसार, पंधरा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला नोकरी देऊ करण्यापूर्वी अपंगत्वाविषयी विचारता येत नाही. हे काम करता येईल का, एवढे विचारता येते. नोकरीत वाजवी सोयी मागण्याचा हक्क आहे. व्यावसायिक चालकांच्या केंद्रीय वैद्यकीय निकषांत केवळ ऑटिझम आहे म्हणून कोणी अपात्र ठरत नाही. प्रत्येक ऑटिस्टिक व्यक्तीने बस चालवावी असा याचा अर्थ नव्हे. काहींना ते जमणार नाही, तसे ते अनेक बिगर-ऑटिस्टिक माणसांनाही जमत नाही. ते काम पाहून ठरावे, निदानाचे नाव ऐकून नव्हे.

आपल्या भाषेत ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतात. हा शब्द आम्हीही वर्षानुवर्षे वापरला. परंतु बस रिकामी झाल्यावर शेवटच्या बाकापर्यंत न चुकता जाणाऱ्या माणसाला ‘स्वतःत मग्न’ कसे म्हणावे? मग्न तर आम्ही होतो, लोक काय म्हणतील या विचारात.

येथे प्रश्न आपल्या समाजाचा होतो. परदेशात आल्यावर आपण संगणक, वैद्यक, वित्त ही क्षेत्रे गाठली, आणि त्याचा रास्त अभिमान आहे. पण त्या अभिमानातून कामांची एक नवी उतरंड आपल्या घरांत शिरली आहे. माणसाची कुवत पाहण्याआधीच त्याचे काम ठरवून टाकणाऱ्या व्यवस्थेवर बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये घणाघात केला. जन्माच्या जागी निदान ठेवले, किंवा शेजाऱ्यांच्या मुलाचा पगार ठेवला, तरी अन्यायाचा साचा तोच राहतो. आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. अमेरिकेतील शाळांच्या बसला पिवळा रंग देण्याची शिफारस १९३९ साली फ्रँक सायर यांनी भरवलेल्या परिषदेत झाली. ती भरली न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात. बाबासाहेब ज्या विद्यापीठात शिकले, त्याच विद्यापीठाच्या परिसरात लहान मुलांच्या बसचा विचार इतक्या गांभीर्याने झाला. मग ती बस चालवणारा आपल्या पंगतीत संकोचाचा विषय का व्हावा?

आमची समाजबांधवांना विनंती साधी आहे. ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी त्याला कार्यक्रमांना आणावे. आयोजकांनी सभागृहात एक शांत खोली ठेवावी आणि ध्वनिक्षेपकाचा आवाज थोडा कमी करावा. आणि गुणवंतांच्या सत्कारात पदव्यांबरोबर कामालाही जागा द्यावी.

हा लेख प्रसिद्ध करण्यापूर्वी आम्ही मुलाला वाचून दाखवला. त्याने दोन सूचना केल्या : “मला ‘विशेष’ म्हणू नका. आणि बस वेळेवर पोचते, हे लिहा.”

बस वेळेवर पोचते. येत्या जयंतीला कोणी विचारले, तर आम्ही सांगू : आमचा मुलगा शाळेची बस चालवतो.

जय भीम.