किती भाषा येतील, आणि पगार किती मिळेल?

धर्मग्रामातील मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला की घरोघरी पेढे वाटले जातात. मुलगी परिचारिका होऊन परदेशी निघाली की तिचे कौतुक होते. परंतु एखाद्या गुणी मुलीने ‘मला सैद्धांतिक भाषाविज्ञानात एम. ए. करायचे आहे,’ असे म्हटले की घर गप्प होते. मग दोन प्रश्न येतात : ‘किती भाषा येतील?’ आणि ‘पगार किती मिळेल?’

पहिला प्रश्नच चुकीचा आहे. भाषाविज्ञान भाषा गोळा करीत नाही. मनुष्य भाषा बोलू शकतो ती कशी, याचा ते शोध घेते. ‘तो चिठ्ठी लिहितो’ येथे क्रियापद कर्त्याला अनुसरते. ‘त्याने चिठ्ठी लिहिली’ म्हणताच ते चिठ्ठीच्या लिंगाशी जुळते. ‘त्याने’ला ‘ने’ लागतो, पण ‘मी चिठ्ठी लिहिली’ येथे ‘मी’ला तो लागत नाही. शाळेत पाऊल न टाकलेले मूलही हे बिनचूक बोलते. त्याला कोणी नियम शिकविलेला नसतो. ऑस्ट्रेलियातील डिरबल भाषेचे मराठीशी काडीचेही नाते नाही. तेथेही ‘मी-तू’ची सर्वनामे एका रीतीने चालतात आणि नामे दुसऱ्या रीतीने. हे साम्य कुठून आले? नोम चॉम्स्की यांच्या १९५७ सालच्या ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ या छोट्या पुस्तकानंतर अशा प्रश्नांना नवे बळ मिळाले. हा विषय निरुपयोगी म्हणणाऱ्याने आधी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

दुसरा प्रश्न प्रामाणिक आहे. अध्यापनाच्या जागा थोड्या आहेत, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही कोशरचना, भाषांतर, वाचादोषांवरील उपचार, संगणकाला मराठी ऐकण्या-बोलण्यास शिकविणे, या साऱ्यांत हे ज्ञान कामी येते. आणि पगार हाच शिक्षणाचा एकमेव तराजू मानला, तर कितीतरी आदरणीय व्यवसाय आपल्याला त्याज्य ठरवावे लागतील.

खरी अडचण तिसऱ्या, न उच्चारलेल्या समजुतीत आहे : आपल्या बोलीत अभ्यासण्यासारखे आहे तरी काय? इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी येथील भाषा आत्मसात करून १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले आणि कोकणीचे व्याकरण लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली छापले गेले. डॉ. अशोक केळकर यांनी १९५८ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात मराठीच्याच ध्वनी आणि रूपव्यवस्थेवर प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळविली. परक्याला आपली भाषा अभ्यासयोग्य वाटली, सातासमुद्रापलीकडील विद्यापीठालाही वाटली. आपल्याला मात्र पाहुण्यांसमोर आजीची कादोडी किंवा वाडवळी बोलण्याचीही लाज वाटते!

बोलीचे व्याकरण बोलणाऱ्यांच्या मनात असते. बोलणारे गेले की तेही जाते. ध्वनिफितीत शब्द उरतात, पण ‘असे म्हणता येईल का?’ या प्रश्नाला ध्वनिफीत उत्तर देत नाही. ते उत्तर आजही देऊ शकणाऱ्या वृद्ध माता आपल्या ओटीवर बसल्या आहेत. त्यांच्याच नातवंडांनी हे शास्त्र शिकून त्यांच्यापाशी बसावे, याहून योग्य संशोधक कोण?

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हा पदव्युत्तर अभ्यास करता येतो. पालकहो, यंदा तुमच्या मुलीने तेथील अर्ज समोर ठेवला, तर तो बाजूला सारू नका. सही करा, आणि त्या संध्याकाळी तिच्याशी आपल्या बोलीत बोला.