तेरची पांढरी जपा



तेरच्या त्रिविक्रमाला आपण हात जोडतो. पण देवळाला मागून कधी निरखून पाहिलंय? मागची बाजू चौकोनी नाही, हत्तीच्या पाठीसारखी गोल आहे. ही घडण बौद्ध चैत्याची. विटांचा हा चैत्य पुढे विष्णूचं देऊळ झाला, पूजेत राहिला, म्हणून टिकला.

तेर म्हणजे जुनं तगर. इथलं कापड गाड्यांनी भडोच बंदराला जाई, अशी नोंद पहिल्या शतकातल्या ग्रीक ग्रंथात आहे.

हा इतिहास देवळापुरता नाही, तो पांढरीतही आहे. खताला चांगली म्हणून पांढरीची माती आपण शेतात ओढतो, तिच्याबरोबर मणी, नाणी, विटाही जातात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा वस्तू जमवल्या, म्हणून आज तेरला त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय आहे.

खतच हवं तर शेणखत आहे, तलावाचा गाळ आहे. नांगराला काही लागलं तर फोडू नका, विकू नका; तलाठ्याला सांगा. दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं १८७८ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. सरपंचांनी हे ग्रामसभेत वाचून दाखवावं, ही विनंती.