धागा : संगणकाचा मंगळवार आणि जेध्यांचा शुक्रवार

१/ गेल्या शिवजयंतीला अकोल्याच्या एका धाकट्या मित्राने मला एक चित्र पाठवले. त्याने संगणकाला १९ फेब्रुवारी १६३० चा वार विचारला होता. उत्तर आले मंगळवार. जेधे शकावली मात्र शुक्रवार सांगते. खाली त्याचा निष्कर्ष होता : 'शकावली बनावट आहे.' मित्रहो, हा धागा त्या निष्कर्षाविरुद्ध आहे.

२/ १९१६ साली लोकमान्य टिळकांनी प्रकाशात आणलेली जेधे शकावली शिवजन्माची नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी देते. १९ फेब्रुवारी हे या तिथीचे इंग्रजी रूपांतर आहे, आणि ते ज्युलियन पंचांगातले आहे. ग्रेगोरियन पंचांगात तोच दिवस १ मार्च १६३० ठरतो. त्याचा वार काढून पाहा : शुक्रवारच.

३/ मग मंगळवार आला कोठून? पायथॉनचे तारीख-गणित आणि पोस्टग्रेस ग्रेगोरियन नियम भूतकाळात मागे ताणतात. हे पंचांग जन्मलेही नव्हते त्या शतकांनाही तोच नियम लावतात. जावाचा जुना वर्ग १५८२ मध्ये पंचांग बदलतो खरा. पण १६३० त्याच्यानंतरचे, म्हणून तेथेही मंगळवारच.

४/ एसक्यूएल सर्व्हरचा जुना 'डेटटाइम' प्रकार तर १ जानेवारी १७५३ च्या आधीची तारीख स्वीकारतच नाही. कारण ब्रिटनने १७५२ च्या सप्टेंबरात ग्रेगोरियन पंचांग घेतले आणि ११ दिवस गाळले. त्यात शिवछत्रपतींची जन्मतारीख बसत नाही. तरीही मला हा नकार अधिक प्रामाणिक वाटतो. चुकीचे उत्तर आत्मविश्वासाने देण्यापेक्षा 'सांगत नाही' म्हणणे बरे.

५/ एक गोष्ट ध्यानात ठेवा. पंचांगे बदलली, पण वारांची साखळी तुटली नाही. ब्रिटनमध्ये बुधवार २ सप्टेंबरनंतर गुरुवार १४ सप्टेंबर उजाडला. म्हणून जुन्या नोंदीतला वार हा तारखेची परीक्षा घेणारा स्वतंत्र साक्षीदार आहे. रूपांतरित तारखेच्या जोरावर त्या साक्षीदारालाच खोटे ठरवणे म्हणजे उलटा न्याय. राज्याभिषेकाचेही तसेच : ६ जून १६७४ ला यंत्र बुधवार म्हणते, प्रत्यक्षात तो शनिवार होता.

६/ आता वजाबाकी पाहू. संभाजी महाराजांचे बलिदान ११ मार्च १६८९, ही तारीख ज्युलियन. औरंगजेबाचा मृत्यू ३ मार्च १७०७, ही ग्रेगोरियन. ज्युलियन हिशेबाने २० फेब्रुवारी. पुस्तकांत दोन्ही सापडतात. पहिल्या दोन तारखा तशाच वजा केल्या तर ६,५६५ दिवस येतात. खरे अंतर ६,५५५ दिवसांचे आहे. संगणकाने एकही चूक केली नाही. दोन वेगळ्या मापांनी कापड मोजले ते आपण.

७/ 'दहा दिवसांनी काय बिघडते?' असे विचारणाऱ्यांना माझे उत्तर : कार्यकारणभाव बिघडतो. गोव्याचे पोर्तुगीज १५८३ पासून ग्रेगोरियन तारीख घालत. सुरतेचे इंग्रज वखारवाले ज्युलियन. दोघांची पत्रे नुसत्या तारखेने क्रमाला लावली, तर बातमी घटनेच्या आधी पोहोचते आणि उत्तर प्रश्नाच्या आधी लिहिले जाते. अशा यादीवर उभारलेला इतिहास पुराव्याचा राहत नाही.

८/ आपल्या वऱ्हाडात तर कसोटी आणखी कठीण. बाळापूरची लढाई १० ऑगस्ट १७२० ची, ही ग्रेगोरियन तारीख. अडगावची २९ नोव्हेंबर १८०३ ची आणि गाविलगड पडला १५ डिसेंबर १८०३ ला. या दोन्ही एकाच पंचांगातल्या, म्हणून १६ दिवसांची वजाबाकी बिनचूक. पण महसुली कागद फसली सालाचे. दख्खनी फसली पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू होते. नुसते ५९० मिळवणारा सूत्रधारी जानेवारी ते मे या महिन्यांत एक संपूर्ण वर्ष चुकतो. तेथे ५९१ हवेत. फसली १२१३ म्हणजे १८०३-०४.

९/ 'मग संगणक टाकून द्या' म्हणणाऱ्यांशीही माझे पटत नाही. स्वामीकण्णू पिल्लै यांनी हेच गणित कोष्टकांत मांडले. यंत्र ते क्षणात करते. दोष आपल्या रकान्यांत आहे. तीन रकाने ठेवा : मूळ नोंद जशीच्या तशी (शक, तिथी, वार), पंचांगाचे नाव, आणि खगोलशास्त्रज्ञ वापरतात तो सलग दिवसक्रमांक. शिवजन्माचा दिवसक्रमांक २३,१६,४६५. वजाबाकी फक्त याच रकान्यात करा.

१०/ अमरावती-अकोल्यात आज अनेक तरुण घरोघरचे मोडी कागद वाचून याद्या बनवत आहेत. हे मोठे काम आहे. पण सोयीसाठी तिथी गाळून नुसती इंग्रजी तारीख ठेवली, तर पुढच्या पिढीला आपली चूक दुरुस्त करण्याचे साधनच उरणार नाही. कागद जळाल्यावर इतिहास जातो, तसाच तो रकाना गाळल्यावरही जातो.

११/ माझ्या मित्राने ते चित्र मागे घेतले आहे. आता त्याच्या यादीत वाराचा रकाना आहे. तुमच्या यादीत आहे का?