'वय झालं' म्हणून सोडून दिलेलं नैराश्य

उतारवयातलं नैराश्य फारसं रडत येत नाही. ते पाठदुखी, पोटातला गुबारा, चक्कर, 'अंगात त्राणच नाही' अशा तक्रारी घेऊन येतं. पहाटे तीनलाच जाग येते. जेवणावरची वासना उडते. पेपर हातात असतो, पण तासभर पान उलटलेलं नसतं. रक्ताच्या तपासण्या होतात, एक्स-रे निघतो, मनाचं मात्र कुणी विचारत नाही. 'वय झालं' म्हटलं की विषय संपतो. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर केलेल्या 'लासी' पाहणीत साठीपुढच्या दर बारांपैकी साधारण एकात नैराश्याची ठळक लक्षणं आढळली. डॉक्टरांनी तसं निदान केल्याचं सांगणारे मात्र शंभरात एकसुद्धा नव्हते.

जोडीदार गेल्याचं दुःख हा आजार नव्हे. त्या दुःखात नातवंडं आली की घटकाभर तरी चेहरा खुलतो. पण कशातच गोडी वाटेनाशी झाली आणि दोन आठवडे उलटूनही तसंच राहिलं, तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

आजार टिकवून धरण्यात विचारांच्या सवयीचा मोठा वाटा असतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ आरन बेक यांनी १९६०च्या दशकात रुग्णांच्या मनात आपोआप उमटणाऱ्या अशा विचारांवर उपचारपद्धतीच उभी केली. मुलाने फोन उचलला नाही, की 'त्याला आता माझी गरज नाही'. गुडघा दुखू लागला, की 'संपलं, आता घराबाहेर पडणं नाही'. आयुष्यभर केलेलं सगळं विसरून एकच चुकलेला निर्णय उगाळत बसणं हाही त्यातलाच प्रकार. अशा माणसाला 'सकारात्मक विचार करा' असं सांगणं निरुपयोगी, कधीकधी क्रूरही ठरतं. तेवढंही आपल्याला जमत नाही, ही आणखी एक खंत त्याच्या पदरी पडते. त्यापेक्षा 'फोन न उचलण्याचं दुसरं काय कारण असेल?' असं विचारून त्या विचाराची उलटतपासणी त्याच्याकडूनच करून घेणं उपयोगी पडतं.

दिनक्रम बिघडला की या विचारांना मोकळं रान मिळतं. निवृत्तीनंतर सकाळ टीव्हीपुढे जाते, दुपारी दोन तास झोप होते, मग रात्री डोळा लागत नाही आणि अंधारात जुने हिशेब सुरू होतात. बायकांच्या बाबतीत कधीकधी घरच्यांची मायाच आड येते. 'आई, तुम्ही आता बसा, खूप केलंत,' म्हणत सून हातातली भाजीची जुडी काढून घेते. त्या जुडीबरोबर घरात आपलं काही काम आहे ही भावनाही जाते. म्हणून मन लागण्याची वाट न पाहता आधी कृती ठरवावी लागते: सकाळच्या उन्हात चालणं, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणणं, मेथी निवडणं, ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर ठरल्या वेळी हजेरी. उत्साह मागाहून येतो, तोही हळूहळू.

मात्र सगळं विचारांवर आणि दिनक्रमावर ढकलू नये. थायरॉइड मंदावलेलं असणं, बी-१२ची कमतरता (शाकाहारी आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती बरीच दिसते), चालू असलेली काही औषधं यांमुळेही माणूस मरगळतो. ऐकू कमी येणारा माणूस गप्पांतून बाजूला पडतो, तो वेगळाच. नैराश्यात विसराळूपणाही वाढतो आणि घरच्यांना डिमेन्शियाची शंका येते. नैराश्यावर उपचार झाले की पुष्कळांची स्मरणशक्ती सुधारते. वृद्धांसाठी पंधरा हो-नाही प्रश्नांची एक चाचणी वापरली जाते. तिच्यात झोप, भूक, वजन यांबद्दल प्रश्न मुद्दामच ठेवलेले नाहीत, कारण या तक्रारी म्हातारपणी नैराश्याशिवायही असतात.

औषधांचा गुण दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्या पंधरवड्यातच 'काही फरक नाही' म्हणून गोळ्या सोडणारे पुष्कळ. काही औषधांनी वृद्धांच्या रक्तातलं सोडियम उतरतं, त्यामुळे डॉक्टर सुरुवातीला कमी मात्रा देतात आणि रक्त तपासायला सांगतात. 'आता देवाने न्यावं' हे वाक्य मात्र नेहमीचंच म्हणून कानाआड करू नये. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारावं. विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत. उत्तर हो आलं तर त्या माणसाला एकटं न ठेवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आणि तिथे मराठीतूनही बोलता येतं.