वास्तूंचे वारकरी

परदेशी वास्तव्य करणाऱ्या मराठी माणसाच्या लेखनात एक प्रकरण आता जवळजवळ अनिवार्य होऊन बसले आहे : थोर लेखकाच्या घराला दिलेली भेट. स्ट्रॅटफर्ड, हॉवर्थ, ग्रासमिअर, हॅम्पस्टेड. वर्णनाचा क्रमही ठरलेला. आधी बाहेरची हिरवळ, मग अरुंद जिना, मग लेखकाचे मेज आणि अखेरीस उसासा : 'नाहीतर आपल्याकडे!' हा उसासा प्रामाणिक असेलही, पण तो आळशी आहे.

ही घरे टिकली कशी, हे विचारण्याची तसदी तो घेत नाही. 'इंग्रजांना आपल्या लेखकांची कदर आहे' या मोघम उत्तरावर त्याचे समाधान होते. वस्तुस्थिती अशी की, शेक्सपिअर ज्या 'न्यू प्लेस'मध्ये वारला, त्या जागेवरची वास्तू १७५९ साली तिच्या मालकाने, तेही एका धर्मोपदेशकाने, जमीनदोस्त केली. त्याचे जन्मघर १८४७ साली लिलावात निघाले, तेव्हा वर्गणी गोळा करून ते तीन हजार पौंडांना विकत घ्यावे लागले. त्या खटपटीत डिकन्सही होता. वर्डस्वर्थचे डव्ह कॉटेज १८९० साली आणि कीट्सचे हॅम्पस्टेडचे घर १९२१ साली असेच लोकवर्गणीतून वाचले. ब्राँटे सोसायटी तर १८९३ साली स्थापन झाली आणि हॉवर्थचे घर तिच्या हाती आले १९२८ साली. म्हणजे तब्बल पस्तीस वर्षे संस्था होती, वाचक होते, हस्तलिखिते व वस्तू जमवणे चालू होते. नव्हते ते फक्त घर. हेवा करायचा तर या क्रमाचा करावा. आधी वाचक, मग कागदपत्रे, मग वास्तू.

आपले प्रवासलेखक नेमके उलटे पाहतात. ग्रासमिअरला वर्डस्वर्थची हस्तलिखिते आणि डोरोथीच्या रोजनिशा जतन केल्या आहेत. अभ्यासक तिथे जातात ते त्यांच्यासाठी. आमच्या लेखांत चुलीचे आणि खिडकीचे वर्णन येते, खाडाखोड केलेल्या एकाही ओळीचे येत नाही. स्थळदर्शनाने विद्यार्थी साहित्याकडे वळतो, असा बचाव केला जातो. तो अंशतः मान्य आहे. हॉवर्थमागची ओसाड माळराने पाहून 'वुदरिंग हाइट्स' अधिक उमजेल. पण ज्याने ती कादंबरी वाचली आहे त्यालाच. इतरांना तिथे फक्त वारा लागेल.

याच वास्तुभक्तीचे आपले, अधिक गंभीर उदाहरण लंडनमध्येच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन तिथे स्मारक केले. घर घेतले, हे योग्यच झाले. परंतु शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध करावयास घेतलेल्या त्यांच्या समग्र लेखन-भाषणांच्या खंडांचे काम रखडले, म्हणून २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. ग्रंथांसाठी 'राजगृह' बांधणाऱ्या विद्वानाच्या वाट्याला हे यावे! लंडनच्या त्या घरासमोर छायाचित्र काढून घेणाऱ्या किती जणांनी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा १९२३ साली प्रसिद्ध झालेला प्रबंध उघडून पाहिला असेल?

आणि 'आपल्याकडे काहीच नाही' हेही खरे नाही. मालगुंडला केशवसुतांचे स्मारक १९९४ साली उभे राहिले, ते कोकण मराठी साहित्य परिषदेच्या पुढाकाराने, म्हणजे पुन्हा लिहित्या-वाचत्या माणसांच्याच संघटनेमुळे. हॉवर्थची वाट तोंडपाठ असणाऱ्यांपैकी कितीजण रत्नागिरीहून पुढे मालगुंडला गेले आहेत?

आम्हा अध्यापकांची जबाबदारी यात मोठी आहे. वर्गात कवीचे जन्मगाव, जन्मसाल आणि घर सांगून आपण कवितेपाशी पोहोचण्याआधीच तास संपवतो. मग विद्यार्थी पुढे परदेशी जाऊन घरेच पाहील, यात नवल ते काय? तेव्हा अशा भेटीवर लेख लिहू पाहणाऱ्याने आधी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. या घरात लेखकाने काय लिहिले? त्याची हस्तलिखिते आज कुठे आहेत? आणि हे घर कोणाच्या पैशाने वाचले? ती देता आली, तर 'आपल्याकडे' काय करायला हवे हेही त्याला सापडेल, आणि उसासा टाकायला सवड उरणार नाही.